पीसी घ्यायचा की कन्सोल? आधी खातं ठरवा

बारावीचा निकाल लागून इंजिनिअरिंगचा किंवा बीसीएचा प्रवेश पक्का झाला की अनेक घरांत एक बैठक बसते. चिरंजीव म्हणतात, अभ्यासाला पीसी लागणार. यादी हातात आल्यावर वडिलांच्या लक्षात येतं की निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डालाच जाणार आहेत. दुसऱ्या एखाद्या घरात तिशीतला नोकरदार बोनस हातात पडताच प्लेस्टेशनचं नाव काढतो आणि बायको विचारते, ‘मग टीव्ही आम्ही कधी बघायचा?’ दोघांच्याही मनात पुढचा प्रश्न असतोच : आज पन्नास-साठ हजार किंवा लाखभर घातले, तर पाच वर्षांनी त्याचं काय? कन्सोल नावाची वस्तू तोवर राहील की सगळं पीसीवरच जाईल?

माझं मत आधीच सांगतो. यंत्राची निवड दुसऱ्या क्रमांकाची आहे. आपले गेम कोणत्या दुकानातल्या कोणत्या खात्यात साठत जाणार, हे पहिल्यांदा ठरवायचं. कारण यंत्र पाच-सात वर्षांत बदलतंच. खात्यात साठलेले पन्नास-शंभर गेम मात्र एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाहीत.

यंत्रांमधला फरक २०१३ सालीच पुसट झाला. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींमध्ये एएमडीची, म्हणजे पीसीच्याच घराण्यातली चिप आली. २०२०च्या नोव्हेंबरात आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ८२५ जीबीची एसएसडी आहे. ही यादी कुठल्याही संगणकाच्या कोटेशनवर शोभेल. पूर्वी ‘हा गेम फक्त आमच्याकडे’ हे कन्सोलवाल्यांचं हुकमी पान असायचं. तेही आता सैल झालं आहे. सोनीने २०२० मध्ये ‘होरायझन झिरो डॉन’ पीसीवर आणला, २०२२ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘स्पायडरमॅन’. मायक्रोसॉफ्ट तर त्याहून पुढे गेलं : ‘सी ऑफ थीव्ह्ज’ २०२४ मध्ये आणि ‘फोर्झा होरायझन ५’ २०२५ मध्ये थेट प्रतिस्पर्ध्याच्या प्लेस्टेशनवर आले. ज्याच्या जिवावर एक्सबॉक्स उभा राहिला, त्या ‘हेलो’चीही प्लेस्टेशनसाठी घोषणा झाली.

मग कंपन्यांना हवंय काय? ‘हेलडायव्हर्स २’चं उदाहरण बोलकं आहे. हा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये पीसीवर आणि प्लेस्टेशनवर एकाच दिवशी आला आणि धो धो चालला. मे महिन्यात सोनीने फर्मान काढलं की पीसीवर खेळणाऱ्यांनीही प्लेस्टेशनचं खातं जोडलं पाहिजे. ज्या देशांत ते खातं उघडताच येत नाही तिथले खेळाडू भडकले, स्टीम या पीसी गेमच्या दुकानात वाईट अभिप्रायांचा पाऊस पडला आणि काही दिवसांतच सोनीला माघार घ्यावी लागली. डबा कुणाचाही असो, माणूस आमच्या वहीत नोंदला गेला पाहिजे, असा हा आग्रह होता.

आता या वह्यांची तुलना करू. पीसीवर सर्वांत मोठं दुकान स्टीम. ते २००३ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ २’साठी ते सक्तीचं केलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. पण त्या वेळी घेतलेला तो गेम आज नव्या पीसीवर त्याच खात्यातून उतरवून खेळता येतो. मधल्या काळात विंडोज बदललं, चार-पाच यंत्रं भंगारात गेली, खातं तेच राहिलं. कन्सोलच्या बाजूला असं सातत्य आत्ता कुठे येऊ लागलं आहे. प्लेस्टेशन ५ वर चारचे बहुतेक सगळे गेम चालतात, पण तीनच्या डिस्क चालत नाहीत. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएसची दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली, एक्सबॉक्स ३६० चं दुकान जुलै २०२४ मध्ये मिटलं. आधी घेतलेलं पुन्हा उतरवता येतं, नवं काही घेता येत नाही.

म्हणून पीसी म्हणजे कायमची मालकी, असं मात्र समजू नका. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरण्याच्या पानावरच सांगतं की तुम्हाला मिळतोय तो फक्त परवाना. आणि युबीसॉफ्टने ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पीसीवाले आणि कन्सोलवाले दोघेही सारखेच रिकाम्या हाताने उरले. ज्याला खरोखरच गेम आपल्याकडे ठेवायचा आहे त्याने जीओजी या दुकानातून घ्यावा. तिथे कुलूप नसलेली इन्स्टॉलर फाइल मिळते, ती हार्ड डिस्कवर ठेवा आणि विसरून जा. नवे मोठे गेम तिथे उशिरा येतात किंवा येतच नाहीत, ही त्याची किंमत.

आता पैशांकडे येऊ, कारण इथे जुने आडाखे सपशेल चुकू लागले आहेत. ‘दोन वर्षं थांब, कन्सोल स्वस्त होईल’ हा सल्ला एकेकाळी अचूक होता. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळत होता. प्लेस्टेशन ५ चं उलटं झालं. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कवालं मॉडेल ४९,९९० रुपयांना आलं, नंतर ते ५४,९९० झालं. अमेरिकेतही २०२५ च्या ऑगस्टमध्ये भाव वाढले. त्यामुळे नुसतं थांबून काही हाती लागत नाही. सणासुदीच्या सवलतीत पाच-एक हजार सुटतात, तेवढा मुहूर्त साधावा. प्लेस्टेशन ५ प्रोची वाट बघणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की ते यंत्र २०२४ मध्ये जगभर आलं तेव्हा सोनीने भारत वगळला. वायफायचा जो ६ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यात वापरला आहे, त्याला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. बाहेरून आणलेला प्रो दुकानदार दाखवेल, पण त्याची वॉरंटी इथे कोण देणार ते आधी लेखी विचारा.

पीसीवाल्यांनी यावर हसायचं कारण नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडले आहेत. एआयची डेटा सेंटर्स मेमरी गिळतात, कारखानेही जास्त नफ्याच्या तिकडच्या मालाकडे वळतात. मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशिअल’ हा ब्रँडच गुंडाळण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये केली. २०२०-२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं पळवली होती, आता पाळी मेमरीची. त्यामुळे प्लेस्टेशनच्या किमतीत त्या ताकदीचा पूर्ण नवा पीसी आज उभा राहत नाही, हे सरळ मान्य करावं.

पण हिशेब तिथे संपत नाही. घरात पीसी तसाही लागणार असेल, मुलगी ब्लेंडर शिकतेय, मुलाला ऑटोकॅड हवंय, तुम्ही स्वतः व्हिडिओ संपादन करता, तर गेमिंगचा खर्च म्हणजे फक्त ग्राफिक्स कार्ड आणि थोडा बरा प्रोसेसर. अशा घरात मी डोळे मिटून पीसी सांगेन. जिथे ऑफिसचा लॅपटॉप आहे आणि बाकी काम मोबाइलवर भागतं, तिथे निव्वळ गेमसाठी लाखभर घालणं मला पटत नाही. तिथे कन्सोल.

नंतरचा खर्च कुणी धरत नाही, तो धरा. प्लेस्टेशनवर मित्रांशी ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते (फुकटचे गेम सोडून), पीसीवर ती नसते. नवा मोठा गेम प्लेस्टेशनला पाच हजारांच्या घरात जातो. स्टीमवर भाव रुपयांत असतात, बहुतेकदा थोडे कमी, आणि उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये दोन वर्षं जुना गेम निम्म्या किमतीत सहज मिळतो. शिवाय विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीम पैसे परत करतं. एपिक हे पीसीवरचं दुसरं दुकान दर आठवड्याला एखादा गेम फुकट देतं. २०२० मध्ये त्यांनी ‘जीटीए ५’सुद्धा वाटला होता. याला कन्सोलकडे एकच तोडीस तोड उत्तर आहे : डिस्क. साडेचार हजारांची डिस्क महिनाभर खेळून तीन-साडेतीन हजारांना विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. म्हणूनच प्लेस्टेशन घेणार असाल तर हजारो रुपये वाचवून डिस्कची सोय नसलेलं डिजिटल मॉडेल घेण्याचा मोह टाळा. ते वाचलेले पैसे पहिल्या काही गेमांतच परत जातात.

वीजबिलही बघा. प्लेस्टेशन ५ जड गेममध्ये साधारण २०० वॅट खातो. रोज तीन तास धरले तर महिन्याला १८ युनिट. मध्यम ग्राफिक्स कार्डाचा पीसी मॉनिटरसकट ४०० वॅटपर्यंत जातो, म्हणजे ३६ युनिट. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर चढतो, त्यामुळे उन्हाळ्यात एसीच्या जोडीला ही भर पडली की बिल उडी मारतं. जिथे वीज दिवसातून दोनदा जाते तिथे आणखी एक गंमत : घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा भार सोसतो. गेम चालू असताना लाइट गेली तर तो एकदा केविलवाणा बीप करून पीसीसकट बंद पडतो. यूपीएस घ्यायचाच तर वॅटचा आकडा वाचून घ्या.

पीसी जोडून घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर तुमच्या गावातल्या ओळखीच्या दुकानात, कोटेशनची चिठ्ठी सगळीकडे सारखीच असते. प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात, ग्राफिक्स कार्डाचं त्याहून मोठ्या. मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. आणि शेवटच्या ओळीत ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग. इथे बोट ठेवा. विचारलंत तर उत्तर येतं, ‘कॅबिनेटसोबतच येतो साहेब, काही होत नाही.’ बाराशे-पंधराशेच्या कॅबिनेटमध्ये जो एसएमपीएस फुकट येतो त्यावर ४५० वॅट छापलेलं असलं, तरी तो तेवढं देईलच याची खात्री कुणी देत नाही. तीस हजारांचं कार्ड त्याच्या भरवशावर सोडू नका. नावाजलेल्या कंपनीचा, कार्यक्षमतेचं ‘८० प्लस’ मानांकन असलेला, पाच वर्षांची वॉरंटी असलेला ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस वेगळा लिहून घ्या. पैसे कमी पडत असतील तर रंगीत दिवे लागणारे पंखे काढून टाका, दुकानदार नाराज होईल, होऊ द्या. ग्राफिक्स कार्ड निवडताना त्यावरची मेमरी बघा. ८ जीबीवर नवे गेम आत्ताच अडखळू लागले आहेत. पाच वर्षं वापरायचं असेल तर १२ किंवा १६ जीबीचं घ्या, भले ते थोडं हळू असेल. प्रत्येक सुट्या भागाचं जीएसटी बिल आणि सिरियल नंबर मागा, कारण वॉरंटी भागाची असते, पूर्ण पीसीची नसते.

हॉस्टेलवर राहणाऱ्याला लॅपटॉपच सोयीचा, तिथे एकच सूचना. नावावर जाऊ नका. ‘आरटीएक्स ४०६०’ लिहिलेले दोन लॅपटॉप वेगात बरेच वेगळे असू शकतात, कारण कंपनी त्याच चिपला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. तपशिलाच्या पानावर टीजीपी नावाचा आकडा शोधा. नसेल दिला तर का दिला नाही, याचा विचार करा.

कन्सोलची बाजू मी आतापर्यंत पैशांत मोजली. तिचं खरं बळ वेगळीकडे आहे. रात्री साडेनऊला दमून आलेला माणूस सोफ्यावर बसतो, एक बटण दाबतो आणि दहाव्या सेकंदाला काल सोडला तिथून खेळू लागतो. ड्रायव्हर नाही, सेटिंग नाही, शेडर तयार होईपर्यंत वाट बघणं नाही. पीसीवर हे सगळं असतं. ‘द लास्ट ऑफ अस’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा चांगल्या यंत्रांवरही तो धड चालत नव्हता. (कन्सोलवालेही सुटत नाहीत : डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ प्लेस्टेशन ४ वर इतका मोडका निघाला की सोनीने तो काही महिने दुकानातूनच काढला.) चार भावंडांना एकत्र फुटबॉल खेळायचा असेल तर दिवाणखान्यातला टीव्ही आणि दोन कंट्रोलर यांना पर्याय नाही. टीव्हीवर खेळताना सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करायला विसरू नका; तो बंद असला की बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा होते आणि लोक उगाच कंट्रोलरला दोष देतात. आणि साडेसात ते दहा टीव्ही कुणाच्या ताब्यात आहे, हे खरेदीच्या आधी ठरवा.

मित्र कुठे खेळतात हाही निकष आहे, कदाचित सर्वांत मोठा. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ फक्त पीसीवर आहेत. ‘व्हॅलोरंट’ २०२४ मध्ये कन्सोलवर आला, पण कन्सोलवाले पीसीवाल्यांशी खेळू शकत नाहीत. उलट ‘जीटीए ६’ १९ नोव्हेंबर २०२६ ला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर येणार असं जाहीर झालंय, पीसीचं नावही नाही. आधीचा अनुभव असा की ‘जीटीए ५’ पीसीवर यायला दीड वर्ष लागलं, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला वर्ष. सोनीचे गेमही असेच मागून येतात. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ २०२२ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशनवर आला आणि पीसीवर २०२४ च्या सप्टेंबरात. ज्याला धीर आहे त्याला पीसीवर जवळपास सगळं मिळतं. जवळपास म्हणतोय, कारण सोनीने हे धोरण उद्या फिरवलं तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि निन्टेन्डो तर पीसीवर पाऊल टाकतच नाही. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतही नाही. जून २०२५ मध्ये आलेलं स्विच २ इथे मिळतं ते आयात केलेलं. परदेशी राहणारं कुणी नातलग येणार असेल तर त्याच्याकडून मागवलेलं बरं.

पुढे काय होईल? एक्सबॉक्सचा डबा आज नव्याने घेऊ नये असं मला वाटतं. त्यांचे गेम पीसीवरही आहेत, प्लेस्टेशनवरही येऊ लागले. गेम पास या त्यांच्या वर्गणी योजनेचा सर्वांत वरचा दर अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये २० वरून ३० डॉलरवर गेला. आणि त्याच महिन्यात एक्सबॉक्सच्या नावाने बाजारात आलेलं हातात धरायचं यंत्र आतून चक्क विंडोज पीसी होतं. जुन्या एक्सबॉक्स खात्यात भरपूर गेम असतील, तरच अपवाद. दुसऱ्या टोकाकडून पीसी कन्सोलसारखा होऊ पाहतो आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र काढलं. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम प्रोटॉन नावाच्या मधल्या थरामुळे त्यावर चालतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी टीव्हीखाली ठेवायच्या स्टीम मशिनची घोषणा केली. २०१५ मध्ये हाच प्रयोग फसला होता, कारण तेव्हा लिनक्सवर चालणारे गेमच फार थोडे होते. ती अडचण प्रोटॉनने सोडवली. उरली एक : ‘व्हॅलोरंट’सारख्या गेमची चोरपकड यंत्रणा विंडोजच्या पार गाभ्यात शिरते आणि लिनक्सवर चालत नाही. तुमचं सगळं खेळणं तेवढ्याच गेमचं असेल तर या यंत्रांच्या वाटेला जाऊ नका.

यंत्रच नको, गेम क्लाउडवरून इंटरनेटने खेळू, अशी भिस्त ठेवणाऱ्यांनी गूगलचं स्टेडिया आठवावं. २०१९ मध्ये गाजावाजा करून आलं, जानेवारी २०२३ मध्ये मिटलं. फायबर लाइन चांगली असेल तर चवीपुरतं ठीक आहे. नेमबाजीच्या गेमला नाही.

आपल्या पुण्यात बनलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आधी स्विचवर आणि मग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला. लहान स्टुडिओंना एकाच डब्यावर राहणं परवडत नाही. पीसी आणि कन्सोलमधल्या भिंती पडण्याचं हेही एक कारण आहे, आणि निवड काहीही केलीत तरी असे गेम तुम्हाला मिळतीलच.

यंत्र घरी आलं की पहिल्या तासात खात्याची कामं उरका. खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा, दुकानदाराला उघडू देऊ नका. प्लेस्टेशनचं खातं उघडताना देश विचारतात, तो नंतर बदलता येत नाही; भारतीय कार्डाने पैसे भरायचे असतील तर भारतच निवडा. दुहेरी पडताळणी चालू करा. मुलासाठी असेल तर त्याच्या खऱ्या वयाचं वेगळं खातं आपल्या खात्याखाली काढा, म्हणजे खर्चाची आणि वेळेची मर्यादा तुमच्या हातात राहते. स्टीमवर एका कुटुंबात सहा जण आपापले गेम एकमेकांना वापरू देऊ शकतात, पण एखादा बाहेर पडला की त्याची जागा वर्षभर अडकते, तेव्हा शेजारच्या बंटीला विचार करूनच घ्या. आणि इन्स्टाग्रामवर पाच हजारांचा गेम आठशेला ‘प्रायमरी-सेकंडरी अकाउंट’ म्हणून विकणारे भेटतील. तो दुसऱ्याच कुणाच्या खात्यातला गेम असतो. मूळ मालकाने पासवर्ड बदलला किंवा कंपनीने खातं बंद केलं, की आठशे गेले आणि तक्रार करायला जागा नाही.